जुन्या पिस्तुलाची लाकडी मूठ: अस्सल कोणती, नवी कोणती, हे ओळखायला शिकताना

जुन्या पिस्तुलाचा सर्वात सहज बदलता येणारा भाग म्हणजे मूठ. नळी, फ्रेम, सिलिंडर यांवर क्रमांक आणि तपासणीचे शिक्के असतात, ते बदलले की जाणकाराला लगेच खटकते. मुठीच्या लाकडी पट्ट्या मात्र एक-दोन स्क्रू सोडवले की हातात येतात. शंभर वर्षांत त्या फुटतात, तेल पिऊन काळ्या पडतात, किंवा मालकाला आवडत नाहीत म्हणून काढून ठेवल्या जातात आणि मग हरवतात. त्यामुळे पिस्तूल अस्सल आणि मूठ कालपरवाची, अशी जोडी बाजारात, लिलावात आणि संग्रहांतही सतत दिसते. उलटही घडते: इटलीत बनलेल्या नव्या प्रतिकृतीवर कुणीतरी जुनी मूठ चढवतो आणि सगळेच जुने असल्याचा भास होतो.

नवा माणूस आधी लाकडाची चमक आणि रंग पाहतो. या दोन्ही गोष्टी सर्वात सहज नकली करता येतात. आकार, धातूशी असलेला जोड, स्क्रूची भोके आणि पट्टीची आतली बाजू यांवर भर द्या, असे माझे ठाम मत आहे. खाली त्याच क्रमाने जाऊ. रिव्हॉल्वर आणि पिस्तूल हा फरक मला ठाऊक आहे, पण मुठीच्या बाबतीत दोन्ही एकत्रच पाहिलेली बरी, म्हणून पुढे दोन्हींची उदाहरणे येतील.

हात लावण्याआधी

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे. ‘जुने आहे, म्हणजे परवाना लागत नाही’ हा समज चुकीचा आणि धोक्याचा आहे. कलम ४५ मधली सूट कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या अशा हत्यारांसाठी आहे, जी दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाहीत. गोळी झाडू शकणारी प्रतिकृती नवी असली तरी बंदूकच आहे. आजोबांच्या पेटीत काही सापडले असेल तर मुठीचा अभ्यास नंतर करा, आधी पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी चित्र वेगळे आहे. तिथल्या फेडरल कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रे आणि तोंडाकडून दारू भरण्याच्या बहुतेक प्रतिकृती वेगळ्या वर्गात मोडतात. तरीही राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, ते पाहूनच पुढे जा.

पिस्तूल हातात आले की ते भरलेले नाही याची खात्री स्वतः करा. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबू नका. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर पाहा. रिव्हॉल्वर असेल तर प्रत्येक खण पाहा. टोपी (ठिणगी देणारी छोटी कॅप) लावून उडवायच्या जुन्या रिव्हॉल्वरमध्ये खणाच्या तोंडाकडूनही पाहा, कारण त्यात दशकांपूर्वी भरलेला बारही असू शकतो.

साधने थोडीच लागतात: एक भिंग, बाजूने तिरका उजेड पाडता येईल असा छोटा दिवा, मऊ कापड, आणि स्क्रूच्या खाचेत अगदी बरोबर बसेल असा चपटा स्क्रूड्रायव्हर. घरातला निमुळत्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर वापरू नका. तो खाचेतून घसरतो आणि स्क्रूचे डोके तर खराब होतेच, शेजारच्या लाकडावरही ओरखडा उमटतो.

पायरी १: या मॉडेलवर मुळात लाकूड होते का?

हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. जुने म्हणजे लाकूड, नवे म्हणजे प्लॅस्टिक, असे आपण मनात धरून बसतो. प्रत्यक्षात १८८० नंतर कठीण रबराच्या मुठी फार मोठ्या प्रमाणावर आल्या. कोल्टच्या १८७३ च्या प्रसिद्ध ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्वरवर सामान्य ग्राहकांसाठी साधारण १८८२ पासून काळ्या रबराच्या दोन पट्ट्या बसू लागल्या. बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या १९०० सालच्या ब्राउनिंग पिस्तुलावरही रबरच होते. नाशिकच्या जॅक्सन खटल्यामुळे आपल्याकडे ब्राउनिंग हे नाव घरोघरी पोचले. त्या काळातल्या एफएनच्या छोट्या पिस्तुलावर सुंदर लाकडी पट्ट्या दिसल्या, तर आधी त्या नंतरच्या असाव्यात असे धरून चाला. चंद्रशेखर आझादांचे पिस्तूल ज्या मॉडेलचे होते, त्या कोल्ट १९०३ वरही सुरुवातीची वीस वर्षे रबर होते, आणि चेकरिंग (बारीक चौकटींचे कोरीवकाम) केलेले अक्रोड १९२४ च्या सुमारास आले.

सर्वात जास्त फसगत होते ती अमेरिकी सैन्याच्या १९११ पिस्तुलांच्या मालिकेत. दुसऱ्या महायुद्धातल्या एम१९११ए१ पिस्तुलांवर तपकिरी प्लॅस्टिकच्या पट्ट्या होत्या. रेमिंग्टन रँड, इथाका, युनियन स्विच अँड सिग्नल या सगळ्यांनी प्लॅस्टिकच बसवले. अशा पिस्तुलावर चकाकते अक्रोड दिसले तर ते देखणे असेल, पण त्या पिस्तुलाचे नाही. विकणारा ‘युद्धातली मूळ लाकडी मूठ’ म्हणत असेल तर तिथेच थांबून पुढचे प्रश्न विचारा.

ब्रिटिशांच्या बाजूने आपल्याकडे जास्त ओळखीचे वेब्ली रिव्हॉल्वर. त्यावर बहुतेक काळे व्हल्कनाइट (कठीण रबर) किंवा नंतर बेकेलाइट (जुन्या प्रकारचे प्लॅस्टिक) होते. त्याच्याशी दिसायला जवळच्या एनफील्ड नंबर २ वर मात्र सुरुवातीला अक्रोडाच्या पट्ट्या होत्या. दोघांची गल्लत नेहमी होते.

पायरी २: एकसंध मूठ की दोन पट्ट्या?

इथे थोडा वेळ थांबू या, कारण कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्वरांचा सगळा तिढा याच एका गोष्टीभोवती आहे.

१८५१ ची नेव्ही, १८६० ची आर्मी आणि १८७३ ची सिंगल ॲक्शन आर्मी यांच्यावर सुरुवातीला एकसंध लाकडी मूठ होती. अक्रोडाच्या एका ठोकळ्याला मधून आरपार खोबण असते, त्यातून मुख्य स्प्रिंग जाते. मागून बॅकस्ट्रॅप म्हणजे मुठीचा पितळी किंवा लोखंडी कणा, आणि पुढून ट्रिगर गार्डला जोडलेली पट्टी, या दोन धातूंमध्ये हा ठोकळा अडकून बसतो. बाहेरून लाकडाला एकही स्क्रू नसतो. तो काढायचा तर बॅकस्ट्रॅपचे स्क्रू सोडवावे लागतात.

दोन पट्ट्यांची मूठ वेगळी. डावी आणि उजवी अशा दोन पट्ट्या, मधून आरपार एक स्क्रू, आणि पट्ट्या खाली सरकू नयेत म्हणून फ्रेमच्या तळाशी एक छोटी खिळी. रबराच्या मुठी अशाच होत्या. पुढे पहिल्या पिढीच्या, म्हणजे मूळ उत्पादनाच्या, अखेरच्या काळात आणि विशेषतः १९५६ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या पिढीत, घोड्याचे पदक (कोल्टचे चिन्ह असलेली धातूची छोटी चकती) बसवलेल्या अक्रोडाच्या दोन पट्ट्याही आल्या.

म्हणून बाजूने पाहताच पहिला प्रश्न: लाकडात स्क्रू आहे का? १८७० च्या दशकातले म्हणून दाखवलेल्या सिंगल ॲक्शन आर्मीवर स्क्रू असलेली, पदक बसवलेली लाकडी पट्टी असेल, तर ती मूठ त्या काळातली नाही. एवढे एकच निरीक्षण अनेक मोठ्या दाव्यांचा निकाल लावते.

लष्करासाठी घेतलेल्या सिंगल ॲक्शन आर्मीची मूठ एकसंध, तेलाने पुसलेली आणि मंद चमकेची असे. सामान्य ग्राहकाच्या मुठीवर मात्र वॉर्निश चढवलेले असे. लष्करी मुठीवर तपासनीसाची आद्याक्षरे चौकटीत ठोकलेली असत. ऑर्व्हिल एन्सवर्थ याची ‘ओडब्ल्यूए’ ही अक्षरे संग्राहकांमध्ये सर्वात महाग, कारण १८७६ च्या लिटल बिगहॉर्न लढाईत जनरल कस्टरच्या सातव्या घोडदळाकडे त्याने तपासलेली रिव्हॉल्वरे होती. जिथे एवढा पैसा आहे तिथे खोटे शिक्केही आहेत. पाहायचे ते असे: शिक्का आणि आजूबाजूचे लाकूड एकाच वयाचे दिसतात का? दीडशे वर्षे हाताळलेल्या लाकडावर शिक्क्याच्या कडाही तितक्याच झिजलेल्या हव्यात. लाकूड गुळगुळीत झिजलेले आणि शिक्का मात्र धारदार, असे असेल तर तो नंतर ठोकलेला आहे. उलट, शिक्का अगदीच नसेल तर कुणीतरी मूठ सँडपेपरने घासली असण्याची शक्यता असते.

आता प्रतिकृती. उत्तर इटलीत ब्रेशा शहराजवळच्या गार्डोने वाल ट्रोम्पिया आणि गुस्सागो या गावांत हा उद्योग वसला आहे. उबेर्ती कंपनी १९५९ पासून, आणि पिएत्ताही कित्येक दशके, कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्वरांच्या प्रतिकृती बनवत आहेत. त्यांची कामगिरी खरोखर चांगली आहे. उबेर्तीची १८७३ ची प्रतिकृती एकसंध मूठ घेऊनच येते, त्यामुळे ‘स्क्रू नाही, म्हणजे जुनी’ असा उलटा निष्कर्ष काढू नका. फरक इतरत्र सापडतात. इटालियन मुठीवर बहुधा लालसर झाक असलेला, काचेसारखा चमकणारा आधुनिक लेप असतो. लाकडाचे रेषे त्या लेपाखाली बुजलेले दिसतात. मुठीचा घेरही थोडा भरदार असतो. पिएत्ताच्या जुन्या नेव्ही प्रतिकृतींत मुठीचा तळ मागच्या बाजूला उगाच फुगलेला असे, नंतर त्यांनी तो सडपातळ केला. मूळ कोल्टची नेव्ही मूठ तळाकडे अशी पसरत नाही, आणि सिंगल ॲक्शन आर्मीने तोच आकार पुढे घेतला. दोन्हींचे बाजूने काढलेले फोटो शेजारी ठेवून पाहिले की हा फरक डोळ्यांत बसतो आणि नंतर विसरला जात नाही.

मुठीवरून शंका मिटत नसेल तर धातू पाहा. इटलीतल्या प्रत्येक बंदुकीवर गार्डोनेच्या चाचणी केंद्राचे शिक्के असतात. काळ्या दारूच्या बंदुकीवर ताऱ्याखाली ‘पीएन’ अक्षरे, आणि शेजारी छोट्या चौकटीत वर्षाचा संकेत: १९७४ पर्यंत रोमन आकडे आणि १९७५ पासून जोडअक्षरे. हे शिक्के कुणी घासून काढले असतील तर घासलेली जागाच बोलते.

आणखी एक प्रकार लक्षात ठेवा. दोन पट्ट्या आणि मधे एक ठोकळी सरसाने चिकटवून ‘एकसंध’ मूठ विकली जाते. बाहेरून ती सहज खपून जाते. काढल्यावर मात्र वरच्या टोकाला आणि खोबणीत जोडाच्या रेषा दिसतात, आणि डाव्या-उजव्या बाजूचे रेषे एकमेकांशी जुळत नाहीत.

पायरी ३: चेकरिंग

मुठीवर तिरक्या रेघा एकमेकींना छेदून केलेल्या बारीक चौकटींना चेकरिंग म्हणतात. हात घसरू नये म्हणून ते करतात. पण ओळखीसाठी ते बोटाच्या ठशासारखे उपयोगी पडते.

एम१९११ पिस्तूल अमेरिकी सैन्याने मार्च १९११ मध्ये स्वीकारले. त्याच्या अक्रोडाच्या पट्ट्यांवर चेकरिंगच्या मधे, दोन्ही स्क्रूंभोवती, न कोरलेले दोन चौकोन सोडलेले असत. संग्राहक याला ‘डबल डायमंड’ म्हणतात. स्क्रूजवळचे लाकूड सर्वात आधी चिरते, तिथे कोरीवकाम नसल्याने लाकडाची जाडी टिकते. पहिल्या महायुद्धातल्या सर्व एम१९११ वर, म्हणजे कोल्ट, स्प्रिंगफील्ड आणि १९१८-१९ मध्ये बनलेल्या रेमिंग्टन-यूएमसीवरही, हीच रचना होती. १९२४ च्या करारातल्या सुधारित पिस्तुलांवर चौकोन गेले आणि पूर्ण पट्टीभर चेकरिंग आले. त्यानंतर प्लॅस्टिक. तीन टप्पे, त्यांचा क्रम पाठ करा: चौकोनांसह अक्रोड, चौकोनांविना अक्रोड, तपकिरी प्लॅस्टिक.

पुनरुत्पादित डबल डायमंड पट्ट्या आज सर्रास मिळतात, आणि त्यांत चार गोष्टी तपासा. चौकोनाचा आकार: नव्यांत तो बऱ्याचदा लहान किंवा कोपऱ्यांत चुकीच्या कोनाचा असतो. चौकटींची टोके: जुन्या पट्टीवर तळव्याच्या जागी ती सपाट झालेली आणि कडेला अजून टोकदार, अशी असमान झीज दिसते. नवीन पट्टीवर सगळीकडे सारखी धार असते, आणि घासून जुनी केलेली असेल तर सगळीकडे सारखीच बोथट. रेघांचा तळ: लेसरने केलेल्या कामात तळ जळकट तपकिरी-काळा असतो, तिरक्या उजेडात भिंगातून पाहिले की लगेच कळते. आणि चौथी, उजव्या पट्टीचा वरचा मागचा कोपरा. आजच्या बऱ्याच पट्ट्यांत दोन्ही बाजूंच्या सेफ्टीसाठी तिथे जास्तीची खाच कापलेली असते. १९११ सालच्या पिस्तुलाला उजव्या बाजूला सेफ्टीच नव्हती, मग ती खाच कशासाठी?

आजच्या प्रतिकृतींतही आपापल्या सवयी आहेत. फिलिपीन्समधल्या आर्मस्कोरच्या रॉक आयलंड नावाच्या साध्या १९११ वर गुळगुळीत, चेकरिंग नसलेल्या लाकडी पट्ट्या येतात. तशी पट्टी लष्करी एम१९११ वर कधीच नव्हती. काही कंपन्या कोकोबोलो (एक लालसर परदेशी लाकूड) किंवा शिसवी लावतात. दिसायला मोहक, पण सैन्याच्या पिस्तुलावर अक्रोडच.

जर्मन लुगर पी०८ ची पट्टी पूर्ण चेकरिंगची, प्रत्येक बाजूला एकच स्क्रू. इथे डाव्या पट्टीकडे लक्ष द्या. सेफ्टीच्या खटक्यासाठी तिला वर मागच्या बाजूला अवघड आकाराची जागा सोडलेली असते, आणि तिथला बारीक लाकडाचा भाग सर्वात आधी तुटतो. म्हणून जुन्या लुगरवर तो कोपरा थोडा झडलेला असणे अगदी नैसर्गिक आहे. सुरुवातीच्या, मुठीमागे दाबायची सेफ्टी असलेल्या लुगरची डावी पट्टी पी०८ वर नीट बसत नाही. १९७० च्या दशकात माउझरने पुन्हा बनवलेल्या पॅराबेलमच्या (लुगरचेच दुसरे नाव) पट्ट्याही जशाच्या तशा बदलता येतील असे समजू नका. मोडून-तासून बसवलेली पट्टी कुठेतरी फट सोडतेच.

पायरी ४: खाचांची मूठ — माउझर सी९६

‘झाडूच्या दांड्याची मूठ’ म्हणून प्रसिद्ध असलेले हे पिस्तूल. गोल मुठीवर आडव्या खाचा असतात, दोन्ही पट्ट्या आरपार जाणाऱ्या एकाच स्क्रूने बसतात. खाचांची संख्या काळानुसार बदलली. पहिल्या महायुद्धाआधीच्या बऱ्याच पिस्तुलांवर तीस-पस्तीस बारीक खाचा, तर १९३० च्या मॉडेलवर बारा रुंद. खाचा मोजणे हे कंटाळवाणे काम वाटेल, पण पिस्तुलाचे साल आणि खाचा जुळत नाहीत हे एका मिनिटात कळते.

प्रशियाच्या लष्कराने १९१६ मध्ये दीड लाख सी९६ नऊ मिलिमीटर काडतुसासाठी मागवली. जुन्या ७.६३ च्या गोळ्या चुकून भरल्या जाऊ नयेत म्हणून मुठीवर मोठा ९ कोरून लाल रंगवला. ‘रेड नाइन’ला बाजारात भाव जास्त, म्हणून साध्या मुठीवर ९ कोरण्याचा धंदा चालतो. खरा आकडा खाचांच्या झिजेबरोबर झिजलेला असतो आणि रंग खोबणीच्या तळाशीच थोडाफार उरतो. ठसठशीत लाल आणि धारदार कडा दिसल्या तर सावध व्हा. चीनमधून अमेरिकेत आलेल्या बऱ्याच सी९६ वर नव्या मुठी आहेत, त्यांत गैर काही नाही, फक्त विकताना ते सांगितले पाहिजे.

भारताच्या इतिहासात या पिस्तुलाचे लाकूड आपल्याला वेगळ्या कारणाने ठाऊक असायला हवे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कोलकात्यात रोडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे पळवली. ही पिस्तुले ज्या पेट्यांत होती, त्या पेट्याच मुठीला जोडून खांद्याला टेकवता येत, म्हणजे पिस्तुलाची छोटी रायफल होई. सी९६ च्या मुठीमागे ही पेटी सरकवण्यासाठी धातूत खाच असते. जुन्या पेटीच्या टोकाची लोखंडी जोडणी, आतले कप्पे आणि क्रमांक आता कमी सापडतात. नव्या लाकडी पेट्या मात्र भरपूर आहेत. त्यांचे बिजागर आणि स्क्रू पाहिले तरी पुरते.

पायरी ५: लाकूड आणि लेप

जुन्या मुठींत दोन अक्रोड प्रामुख्याने दिसतात. अमेरिकी काळे अक्रोड गडद, थोडे जांभळट तपकिरी असते. युरोपातले अक्रोड फिकट, त्यात धुरकट रेघा. काश्मिरात नक्षीकामासाठी वापरतात ते याच दुसऱ्या जातीचे, त्यामुळे काश्मिरी अक्रोडाची पेटी घरी असेल तर रेषे कसे दिसतात ते आधी तिच्यावर पाहून घ्या. शिसवी आपल्या सह्याद्रीतही वाढते, आणि आजच्या सजावटी मुठींत तिला मान आहे. पण जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या संपूर्ण वंशावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, म्हणून परदेशातून मागवताना कागदपत्रे विचारा. ‘रोझवूड’ म्हणून विकली जाणारी पट्टी बऱ्याचदा रंगवलेल्या पातळ लाकडांचे थर दाबून केलेली असते. कडेला समांतर पट्टे दिसले की समजावे.

लेपाबद्दल लांबण लावत नाही. लष्करी मूठ जवसाच्या तेलाने पुसलेली, रेषांची छिद्रे उघडी. काचेसारखा थर असेल तर तो नंतरचा.

पायरी ६: लाकूड आणि धातूची कड

या पायरीने मला नेहमी सर्वात जास्त सांगितले आहे. कोल्टच्या रिव्हॉल्वरवर मूठ त्याच धातूवर बसवून कडा एकत्र जुळवल्या जात, म्हणून नव्या असताना लाकूड आणि धातू एका पातळीत असत. नंतर लाकूड आकसते. म्हणजे अस्सल जुन्या मुठीत लाकूड धातूच्या किंचित आत गेलेले असते, किंवा फारतर बरोबरीचे.

बोटाचे नख कडेवरून हळू फिरवा. लाकूड धातूच्या वर आलेले जाणवले तर दोनच शक्यता: मूठ बदलली आहे, किंवा मूठ काढून धातूला नव्याने घासून पॉलिश केले आहे. दोन्ही बाबतींत किंमत कमी झाली पाहिजे. दोन्ही बरोबरीचे, पण दोघांच्याही कडा गोलाकार झालेल्या असतील, तर सगळे पिस्तूल एकत्रच मशीनवर घासलेले आहे.

पायरी ७: स्क्रू आणि उलटी बाजू

आता पट्टी काढा. शंका असेल किंवा स्क्रू अडकला असेल तर काढू नका, जोर लावून फुटलेली जुनी मूठ परत मिळत नाही. फोटोवरून घेणारे असाल तर विकणाऱ्याकडे आतल्या बाजूचा फोटो मागा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

स्क्रू चपट्या खाचेचे हवेत. षट्कोनी किंवा ताऱ्याच्या आकाराची खाच म्हणजे अलीकडचा स्क्रू. १९११ मध्ये दोन स्क्रूंमधले अंतर सुमारे ७८ मिलिमीटर असते. नव्या पट्टीची भोके यापेक्षा थोडी चुकली तर कुणीतरी ती रुंद करून घेतलेली दिसतात.

आतल्या बाजूला तेलाचे वय दिसते. जुन्या लाकडावर स्प्रिंगच्या आसपास आणि कडांना तेल मुरून काळपट झालेले असते, फ्रेमच्या टेकणाऱ्या कडांची गंजाची पुसट रेघ असते, स्क्रूखालचे लाकूड दबून चकाकते. हे डाग असमान असतात. रंग लावून जुनी केलेली पट्टी आतूनही एकसारखी तपकिरी असते, आणि भोकाच्या आतल्या भिंतीवर रंग पोचलेला नसेल तर फिकट लाकूड उघडे पडते. यंत्राच्या पात्याच्या खुणा दिसल्या म्हणून घाबरू नका. कोल्टचा हार्टफर्डचा कारखाना एकोणिसाव्या शतकातच यंत्रांवर चालत होता.

मग क्रमांक शोधा. सिंगल ॲक्शन आर्मीच्या एकसंध मुठीत बॅकस्ट्रॅपच्या खोबणीत शाईने किंवा पेन्सिलीने पिस्तुलाचा क्रमांक लिहिलेला असे. स्मिथ अँड वेसनमध्ये तो उजव्या पट्टीच्या मागे असतो, युद्धाआधी पेन्सिलीने, नंतर ठोकून. लष्करी लुगरमध्ये शेवटचे दोन आकडे आत ठोकलेले. फ्रेमवरच्या क्रमांकाशी हे जुळले तर मूठ मूळची असण्याची शक्यता खूप वाढते, पण आकडाही नंतर लिहिता किंवा ठोकता येतो, म्हणून इतर पायऱ्यांतल्या शंका सोडून देऊ नका. पेन्सिलीचा आकडा दिसत नसेल तर पुसू नका, तिरका उजेड टाकून पाहा.

जुनी मूठ घरी आली तर

सँडपेपर, तारेचा ब्रश, पॉलिश मशीन, रंग काढायचे रसायन: यांतले काहीही नको. एकदा घासलेले चेकरिंग आणि पुसलेला शिक्का परत येत नाही. मऊ कापडाने धूळ पुसा, वर्षातून एकदा सूक्ष्मस्फटिकी (मायक्रोक्रिस्टलाइन) मेणाचा पातळ हात द्या. संग्रहालयांत वापरतात ते ‘रेनेसन्स वॅक्स’ यासाठी उत्तम आहे. चीर गेलेली पट्टी स्क्रू आवळून बसवू नका, चीर पुढे सरकते.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लाकूड फुगते आणि कपाटात बुरशी येते. चामड्याच्या म्यानात पिस्तूल ठेवणे ही सर्वात वाईट सवय, कारण चामडे ओल धरून ठेवते आणि लोखंडाचा गंज लाकडाच्या कडेत उतरतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या दर काही आठवड्यांनी बदला, आणि लाकडावर बारीक भोके किंवा पिठासारखी भुकटी दिसली तर ती वस्तू लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा.

प्रतिकृती चालवायला घेतली असेल, परवान्यासह आणि नेमबाजीच्या क्लबात, तर तिच्यावर प्रयोग खुशाल करा. इटालियन लाल लेप काढून जवसाचे तेल मुरवले की मूठ खूपच जुन्यासारखी दिसते, आणि हातालाही बरी लागते. फक्त अशा मुठीच्या आत पेन्सिलीने कामाचे साल लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या मालकाला ती कुणी जुनी म्हणून विकू शकणार नाही. आणि अस्सल पिस्तुलावर सोयीसाठी नवी मूठ बसवत असाल, तर काढलेल्या जुन्या पट्ट्या त्यांच्या स्क्रूंसह कापडात गुंडाळून, पिस्तुलाचा क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीसकट ठेवा. विकताना दोन्ही एकत्र द्या.